नफ्याची अपेक्षा ठेवू नये

शेअर विकायला आलेला माणूस कधी तोंडावर सांगत नाही, की बाबा रे, यात तुझा एका पैशाचाही फायदा नाही. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे लोक सांगतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी ३०० डॉलरला एक असे शेअर विकायला काढले. सोबतच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं: लाभांश मिळणार नाही, किंमत वाढणार नाही, बाजारात विकता येणार नाही, आणि नफ्याच्या आशेनं कुणी हे घेऊ नये. हे सगळं वाचून लोकांनी साडेसहा कोटी डॉलरचे शेअर घेतले.

मी विस्कॉन्सिनमध्ये ॲपलटनला राहते. ग्रीन बे इथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. शेजारच्या आजींच्या दिवाणखान्यात असा एक शेअर चौकट करून टांगलेला आहे. एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला नातवाचा पदवीदानाचा फोटो. कागद देखणा आहे, हे कबूल करायला हवं. आजींना विचारलं की याचं तुम्हाला मिळतं काय, तर त्या म्हणतात, जुलैत सभेला जाता येतं. सभा स्टेडियममध्येच भरते, हजारो सभासद संघाचे जर्सी घालून येतात, अध्यक्ष जमाखर्च वाचून दाखवतो. साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्यांचं बालपण गेलं त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की कारखान्याचा सभासद उसाच्या भावावरून माईक ओढून घेऊ शकतो. इथल्या सभासदाला भावच नाही.

इथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे बहुतेकांना माहीत असतं. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, तो हातात धरून पळायचं किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, सहा गुण. एवढं पुरे. मला पुष्कळ दिवस याच्यापलीकडं काही कळत नव्हतं, आणि काही अडलंही नाही.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. बाकीच्यांना धनाढ्य मालक आहेत आणि ते न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस, लॉस एंजेलिस अशा शहरांच्या आसपास वसलेले आहेत. ग्रीन बेची वस्ती जेमतेम १ लाख ७ हजार. फॉक्स नदीच्या मुखाशी वसलेलं कागद गिरण्यांचं गाव, हिवाळ्यात गोठणारं. आणि लीगमधली सगळ्यात जास्त विजेतेपदं, तेरा, याच गावाकडं. संघाचा इतिहास सांगताना लोक ही तेरा वर्षं मोजतात. मला त्यापेक्षा संघ कफल्लक झाला त्या तारखा जास्त बोलक्या वाटतात. करंडक काय, कुणीतरी दरवर्षी जिंकतंच. या संघाची खरी गंमत आहे ती बुडायच्या वेळी तो बुडला नाही यात.

सुरुवात ऑगस्ट १९१९ची. कर्ली लॅम्बो नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा नोत्र दाम विद्यापीठात एक हंगाम खेळून, टॉन्सिल सुजल्यामुळं घरी परतला होता आणि इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला लागला होता. (मांस डबाबंद करणारी कंपनी, नावातल्या इंडियनचा आपल्याशी काडीचा संबंध नाही.) जॉर्ज कॅलहून हा 'प्रेस-गॅझेट' या स्थानिक वर्तमानपत्राचा क्रीडा-संपादक. दोघांनी मिळून वर्तमानपत्राच्या कचेरीत पोरं जमवली. कंपनीनं जर्सी आणि सामानासाठी ५०० डॉलर दिले आणि त्या बदल्यात संघाला आपल्यावरून पॅकर्स हे नाव मिळवलं. कंपनी दोनेक वर्षांत दुसऱ्याच्या हाती गेली, नाव शंभर वर्षांनंतरही चालू आहे. जाहिरातीवर इतके कमी पैसे खर्चून इतकं काम फार थोड्यांनी करून घेतलं असेल.

मैदानाला कुंपण नव्हतं. सामना चालू असताना कॅलहून प्रेक्षकांत टोपी फिरवायचा. पहिल्या हंगामात दहा सामने जिंकले, शेवटचा एक बेलॉइटच्या संघाशी हरले. हंगामअखेर टोपीतल्या पैशांची वाटणी झाली तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या हाती १६ डॉलर ७५ सेंट आले.

१९२१ मध्ये ते लीगमध्ये शिरले आणि वर्षभरात हाकलले गेले, कारण कॉलेजच्या पोरांना खोट्या नावानं खेळवलं होतं. लॅम्बोनं माफी मागून, पुन्हा फी भरून जागा परत मिळवली. मग १९२२ चा पाऊस. सामन्याच्या दिवशी पाऊस पडून गल्ला बुडाला तर भरपाई मिळावी म्हणून त्यांनी विमा उतरवला होता. पाऊस पडला, प्रेक्षक आले नाहीत, पण पर्जन्यमापकात भरलेलं पाणी विम्याच्या अटीपेक्षा इंचाच्या अगदी किरकोळ अंशानं कमी भरलं. विमा कंपनीनं हात वर केले. हे वाचून मला परक्या देशात एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

तेव्हा 'प्रेस-गॅझेट'चा व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल पुढं आला. गावातले दुकानदार, वकील, डॉक्टर गोळा केले, आणि १९२३ मध्ये संघाची ना-नफा कंपनी केली. ५ डॉलरचा एक शेअर, हजार शेअर, पाच हजार डॉलर. घटनेत त्यांनी एक कलम घातलं: पुढंमागं संघ विकला गेलाच, तर देणी भागवून उरलेली रक्कम अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेला, युद्धस्मारक बांधण्यासाठी जाईल.

या कलमावर मी थोडी रेंगाळते, कारण सगळं इथं आहे. भागधारकांना काही मिळणार नाही, संचालकांना मिळणार नाही, प्रशिक्षकाला मिळणार नाही. मग विकेल कोण? या लीगमध्ये संघाच्या मालकानं संघ उचलून दुसऱ्या शहरात नेणं ही नेहमीची गोष्ट आहे. बाल्टिमोरचा संघ १९८४ मध्ये रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेला. सकाळी लोक उठले तर संघ नाही. ग्रीन बेला कुणी कधी कितीही पैसे देऊ केले असते, तरी ते घेणाऱ्याच्या हाती स्मारकाच्या दगडांपलीकडं काही पडणार नव्हतं. छोट्या गावातल्या दुकानदारांनी आणि वकिलांनी, फार मोठं काही करतोय असा आव न आणता, हे लिहून ठेवलं. १९९७ मध्ये ती रक्कम संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडं जाईल असा बदल झाला, पण मूळ युक्ती तशीच राहिली.

१९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं त्यांनी घेतली. असं तोवर कुणी केलं नव्हतं. आणि या वैभवाच्या काळातच सिटी स्टेडियमच्या बाकांवरून एक प्रेक्षक खाली पडला. त्यानं दावा लावला, सुमारे पाच हजार डॉलरचा निकाल त्याच्या बाजूनं लागला, आणि संघाची विमा कंपनी मंदीत आधीच बुडालेली निघाली. (या संघाचं आणि विमेवाल्यांचं जमतच नाही.) १९३३ मध्ये तीन वेळचा विजेता संघ न्यायालयाच्या ताब्यात गेला. १९३५ मध्ये गावानं पुन्हा शेअर घेतले, १५ हजार डॉलर उभे राहिले, कंपनी नव्यानं उभी केली. त्याच वर्षी अलाबामाहून डॉन हटसन नावाचा सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू आला आणि पुढच्या दहा वर्षांत तीन विजेतेपदं मिळाली. त्यानं झेललेल्या ९९ टचडाउन पासांचा विक्रम १९८९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

तिसरी कंगाली सगळ्यात वाईट. लॅम्बो तोवर मोठा माणूस झाला होता. सुट्टी कॅलिफोर्नियात, संगत बड्यांची, गावातले लोक पाठीमागं नावं ठेवायचे. नवी प्रतिस्पर्धी लीग निघाल्यानं खेळाडूंचे पगार वाढलेले, संघ हरू लागलेला. १९४९ मध्ये पैसा इतका आटला की नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, बर्फात, संघातल्याच खेळाडूंचे दोन गट पाडून आपसांत सामना लावला आणि त्याला तिकीट ठेवलं. जुने निवृत्त खेळाडूही मदतीला मैदानात उतरले. सुमारे ५० हजार डॉलर जमले. लॅम्बोचं म्हणणं होतं की हे ना-नफ्याचं लचांड सोडा, माझ्याकडं पैसेवाले भागीदार तयार आहेत. ज्यानं संघ काढला तोच तो खासगी हातांत द्यायला निघाला होता. संचालकांनी नाही म्हटलं. जानेवारी १९५० मध्ये संघाची रॉकवुड लॉज ही सरावाची वास्तू जळून खाक झाली, विम्याचे ७५ हजार डॉलर आले (एकदाचे), आणि त्यानंतर आठवडाभरात लॅम्बो राजीनामा देऊन शिकागो कार्डिनल्स या संघाकडं गेला.

त्या वर्षी शेअरची किंमत २५ डॉलर होती. राइट्सटाउनजवळच्या शेतावरची एक बाई संघाच्या कचेरीत आली ती आगपेटीच्या खोक्यात पाव-पाव डॉलरची नाणी भरून. शंभर नाणी. अंडी विकून जमवली होती की घरखर्चातून काढली होती कुणास ठाऊक. असे मिळून एक लाखाहून जास्त डॉलर जमले. पुढं १९९७ मध्ये जुन्या एका शेअरचे हजार शेअर करण्यात आले, म्हणजे त्या बाईच्या वारसांकडं आज हजार शेअर असतील. शून्याला हजारानं गुणलं की किती, ते आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे.

लॅम्बो गेला तरी स्टेडियमला आज त्याचंच नाव आहे, १९६५ मध्ये तो वारल्यावर दिलेलं. ते स्टेडियमसुद्धा गावानं मतदान करून बांधलं. १९५६ मध्ये कौल घ्यायच्या आधी प्रचारसभेत भाषण करायला शिकागो बेअर्सचा मालक जॉर्ज हालास आला होता. बेअर्स म्हणजे पॅकर्सचा हाडवैरी, आणि हालास म्हणजे मैदानात शिव्या देणारा इसम. पण ग्रीन बेचा संघ टिकला पाहिजे, त्याला धड स्टेडियम बांधून द्या, असं तो ग्रीन बेच्या मतदारांना सांगून गेला. सप्टेंबर १९५७ मध्ये उद्घाटनाच्या सामन्यात पॅकर्सनी त्याच्याच संघाला २१-१७ हरवलं.

मग प्रशिक्षक विन्स लॉम्बार्डी. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की भर घालण्यात अर्थ नाही. १९५८ मध्ये बारापैकी एक सामना जिंकलेला संघ त्यानं १९५९ मध्ये हाती घेतला आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच विजेतेपदं दिली, पहिले दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, धरून. लीगचा करंडक आज त्याच्या नावानं ओळखला जातो. मला त्याचा करडेपणा फारसा भावत नाही. ओरडून माणसं घडतात या समजुतीवर आपल्याकडच्या शाळांनी पिढ्या काढल्या. पण एक गोष्ट त्याच्या खात्यावर घालायलाच हवी. जवळपास सगळी वस्ती गोरी असलेल्या त्या गावात त्यानं हॉटेलं आणि दारूच्या गुत्त्यांच्या मालकांना निरोप धाडला, की माझ्या काळ्या खेळाडूंना जिथं वाढलं जाणार नाही तिथं माझ्या संघातला कुणीच पाऊल ठेवणार नाही. गुत्तेवाल्यांना धंदा कळतो.

त्याच्या काळातला एक सामना मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ डिसेंबर १९६७, डॅलस काउबॉइजविरुद्ध. तापमान उणे २५ सेल्सियस, वर वारा. मैदानाखाली विजेच्या तारांची उष्णतेची यंत्रणा त्याच वर्षी बसवली होती, लॉम्बार्डीला तिचा मोठा अभिमान. ताडपत्री काढल्यावर वर आलेला ओलावा गोठला आणि मैदान काचेसारखं झालं. एका पंचाची शिट्टी ओठाला चिकटली. मग पंचांनी सामना ओरडून चालवला. बँडची वाद्यं गोठली. पन्नास हजार माणसं तरीही बसून होती. पॅकर्स १४-० वर होते, ते १७-१४ मागं पडले. शेवटच्या पावणेपाच मिनिटांत त्यांनी ६८ यार्डांची मजल सुरू केली. एक यार्ड उरलेला असताना दोनदा प्रयत्न झाला, दोनदा पळणाऱ्याचा पाय घसरला. सोळा सेकंद शिल्लक, शेवटचा टाइमआउट संपला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू, बार्ट स्टार कडेला येऊन लॉम्बार्डीला म्हणाला, मी स्वतःच घुसतो. लॉम्बार्डी म्हणाला, घूस आणि इथून एकदाचं निघू. परत गेल्यावर स्टारनं हे साथीदारांना सांगितलंच नाही. चक मर्सीनला वाटलं चेंडू आपल्याकडं येणार, म्हणून तो धावला. मग दिसलं की चेंडू स्टारकडंच आहे. आता आपला धक्का लागून नियमभंग ठरू नये म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले. त्या क्षणाचा फोटो सगळीकडं आहे. बघणाऱ्याला वाटतं, हा टचडाउनच्या आनंदात हात उंचावतोय. तो बिचारा पंचाला दाखवत होता, की मी काही केलं नाही.

आता थोडं रसभंग करणारं. गावानं संघ वाचवला हे खरं, पण १९६१ नंतर तो एकट्या गावाच्या जिवावर टिकला नसता. तोवर प्रत्येक संघ टीव्हीचे हक्क आपापले विकायचा. न्यूयॉर्कला लठ्ठ रक्कम, ग्रीन बेला चिल्लर. लीगचा तरुण आयुक्त पीट रोझेल यानं सगळ्यांचे हक्क एकत्र विकून पैसे समान वाटायचा आग्रह धरला. न्यूयॉर्कच्या मारा कुटुंबानं आणि शिकागोच्या हालासनं आपला मोठा वाटा सोडला. मक्तेदारीच्या कायद्याची अडचण आली तेव्हा अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, वेगळा कायदा केला, अध्यक्ष केनेडींनी ३० सप्टेंबर १९६१ ला सही केली, आणि सीबीएस या टीव्ही कंपनीनं वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. आज लीगच्या सामाईक उत्पन्नातून प्रत्येक संघाला वर्षाला ४० कोटींहून जास्त डॉलर मिळतात. हा आकडा जगाला कळतो तो पॅकर्समुळं, कारण हिशेब जाहीर करावा लागणारा तोच एक संघ. म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरात, अब्जाधीशांच्या क्लबात, समान वाटपाचं तत्त्व गेली साठ वर्षं बिनबोभाट चालू आहे. आणि त्याच लीगच्या नियमांनुसार नव्या कुठल्याही संघाला लोकांच्या मालकीचं होता येत नाही. पॅकर्सना जुने म्हणून सूट.

आणि 'लोकांचा संघ' म्हणून सगळे लोक हसत पैसे देतात असंही नाही. २००० मध्ये स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी ब्राउन काउंटीत, म्हणजे ग्रीन बेच्या जिल्ह्यात, अर्धा टक्का जादा विक्रीकर लावायचा की नाही यावर मतदान झालं, तेव्हा जेमतेम ५३ टक्क्यांनी होकार दिला. उरलेल्या ४७ टक्क्यांनीही २०१५ पर्यंत तो कर भरला, सामना बघोत न बघोत. आजींचे यजमान त्या ४७ टक्क्यांच्या मताचे होते आणि शेअर त्यांच्याच घरात टांगलेला आहे.

लॉम्बार्डीनंतर जवळपास पंचवीस वर्षं दुष्काळ. तो काळ पॅकर्सची म्हातारी माणसं घाईनं ओलांडतात, मीही ओलांडते. १९९२ मध्ये अटलांटाहून आणलेला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह मैदानात उतरला आणि पॅकर्ससाठी सलग २५३ सामने सुरुवातीपासून खेळला. १९९३ मध्ये रेगी व्हाइट हा लीगमधला सगळ्यात मागणी असलेला बचावपटू हव्या त्या शहरात जायला मोकळा असताना या गोठलेल्या गावात आला, तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. त्याच डिसेंबरात लिरॉय बटलरनं टचडाउन केल्यावर सरळ प्रेक्षकांच्या बाकांत उडी घेतली; ती उडी आता रिवाज झाली आहे. जानेवारी १९९७ आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकले, दुसऱ्यांदा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या हातून. त्यानंतर अजून नाही.

रिवाज म्हणाल तर मला दोन आवडतात. उन्हाळी सरावाच्या दिवसांत गावची पोरं आपल्या सायकली घेऊन स्टेडियमबाहेर उभी असतात. दीडशे किलोचा खेळाडू त्या चिमुकल्या सायकलवर गुडघे हनुवटीशी आणून रस्त्यापलीकडच्या सरावाच्या मैदानाकडं जातो आणि मालक पोरगं त्याचं हेल्मेट कवटाळून शेजारून पळतं. दुसरा हिवाळ्यातला. रात्रीत बर्फ पडला की संघ फावडी मारायला गावकऱ्यांना बोलावतो, ताशी मजुरीवर. पहाटे अंधारात रांग लागते. माझा मुलगा कॉलेजात असताना मित्रांबरोबर गेला होता. बाकांमधला बर्फ उकरून लांबलचक घसरगुंडीवर लोटायचा, तो खाली मैदानाच्या कडेला येऊन पडतो. ॲल्युमिनियमचे बाक इतके गार की हातमोज्यातूनही चटका बसतो म्हणे. घरी आला तो कंबर धरून, आणि म्हणाला, शेजारी फावडं मारणारा बाप्या संघाचा भागधारक होता. मालक मजुरीवर आपल्याच वास्तूतला बर्फ काढतोय.

एप्रिल २०२५ मध्ये लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा सोहळा, ग्रीन बेला झाला. सुपर बोल तिथं कधी होणार नाही, तेवढी हॉटेलं नाहीत. तेव्हा गावाच्या दृष्टीनं हेच मोठं कार्य. तीन दिवस गाव माणसांनी फुटत होतं. आजींची बहीण स्टेडियमपासून तीन गल्ल्यांवर राहते. सामन्याच्या दिवशी तिथल्या घरोघरी हिरवळीवर गाड्या लावून घेतात आणि पैसे घेतात. तिनं तर रांगोळी घालावी तशा चुन्याच्या रेघा मारल्या आहेत, ट्रकला वेगळा दर. सामना मात्र ती टीव्हीवर बघते. त्यात एक अडचण आहे. प्रक्षेपण काही सेकंद मागं असतं, त्यामुळं ऐंशी हजार लोकांची आरोळी खिडकीतून आधी येते आणि पडद्यावर चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या हातातच असतो. आता ती सामना सुरू झाला की खिडक्या घट्ट लावून घेते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.